वादळात दर पाच मिनिटांनी : कुलाबा वेधशाळेतल्या शिस्तीचा प्रकरण अभ्यास

२ सप्टेंबर १८५९, शुक्रवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबईत कुलाब्याच्या सरकारी वेधशाळेतला चुंबक बिथरला. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक मोजण्यासाठी टांगलेला तो चुंबक. एरवी दिवसभरात त्याचा आकडा थोडासा वर-खाली व्हायचा. आजच्या मापात सांगायचं तर शंभर नॅनोटेस्लांच्या (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) आतला खेळ. त्या दिवशी तो कोसळला आणि तास-दीड तासात जवळजवळ १,६०० नॅनोटेस्लांनी खाली गेला. खिडकीतून बाहेर बघून काही कळण्यासारखं नव्हतं. कळायचं ते फक्त दुर्बिणीला डोळा लावून मोजपट्टी वाचणाऱ्या माणसाला.

त्या माणसाने मोजपट्टी वाचली. तासाला एकदा वाचायची नेहमीची पद्धत बाजूला ठेवून, अशा चुंबकीय वादळासाठी ठरलेल्या थोड्या-थोड्या मिनिटांच्या अंतराने वाचली आणि लिहून ठेवली. १४४ वर्षांनी, २००३ मध्ये, ब्रूस त्सुरुतानी आणि वॉल्टर गोन्झालेझ यांनी आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या गुरबक्ससिंग लखिना आणि एस. अलेक्स यांच्यासोबत हे आकडे जगापुढे मांडले. कॅरिंग्टन वादळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, नोंदल्या गेलेल्या सौर वादळांपैकी सर्वांत मोठ्यांत गणल्या जाणाऱ्या त्या घटनेची कमी अक्षांशावरची सर्वांत कामाची नोंद मुंबईत सापडली.

मी औषध कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो. दिवसातला बराच वेळ इतरांनी भरलेल्या नोंदी तपासण्यात जातो. नोकरीतली शिस्त, रोजच्या सवयी यांवर प्रशिक्षणवर्ग आमच्याकडे दरवर्षी होतात आणि त्यात पहाटे पाचला उठणाऱ्या उद्योगपतींची उदाहरणं येतात. मला ती पटत नाहीत. त्या माणसाकडे पहाटे पाचला उठण्यासाठी लागणारी सगळी सोय असते आणि उठल्याचं कौतुकही लगेच होतं. कौतुक नाही, घाई नाही, त्या दिवशी उपयोगही नाही, अशा कामात सातत्य कशावर टिकतं हे बघायचं असेल तर कुलाब्याकडे बघावं.

काम काय होतं

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभी केली ती मुळात खगोल निरीक्षणासाठी आणि बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ देण्यासाठी. तेव्हा कुलाबा हे वेगळं बेट होतं. मुंबईला जोडणारा कॉजवे १८३८ चा. चुंबकीय निरीक्षणं १८४१ मध्ये सुरू झाली. त्यामागे मोठी चळवळ होती. जर्मनीतल्या गॉटिंगेनमध्ये गाउस आणि वेबर यांनी जगभरच्या वेधशाळांना एका वेळापत्रकात बांधायचा घाट घातला होता: ठरलेल्या दिवशी, गॉटिंगेनच्या घड्याळाप्रमाणे, सगळ्यांनी एकाच क्षणी वाचन करायचं. ब्रिटिशांनी टोरांटो, सेंट हेलेना, केप, टास्मानिया इथे वेधशाळा काढल्या. कंपनीने सिमला, मद्रास, सिंगापूर आणि मुंबई आपल्याकडे घेतली. सिमला आणि सिंगापूरचं काम काही वर्षांतच थांबलं. मुंबईचं चालू राहिलं.

एक वाचन म्हणजे नेमकं काय, हे जवळून बघण्यासारखं आहे. डब्लिनच्या थॉमस ग्रब यांनी बनवलेली उपकरणं होती. एकात चुंबकाची पट्टी दोन समांतर दोऱ्यांवर टांगलेली. आडव्या बलात फरक पडला की ती किंचित वळायची. दुसऱ्यात एक चुंबक मोकळा टांगलेला, तो दिक्पात, म्हणजे चुंबकाची उत्तर खऱ्या उत्तरेपासून किती ढळली आहे ते, दाखवायचा. निरीक्षकाने वेळेच्या आधी खोलीत यायचं. अंगावर लोखंड नको: किल्ल्यांचा जुडगा, चाकू सगळं बाहेर. चुंबकाला हात लावायचा नाही, जवळही जायचं नाही; थोड्या अंतरावरच्या दुर्बिणीतून मोजपट्टीवरचा अंक वाचायचा. चुंबक कधी पूर्ण स्थिर नसतो, मंद डुलत असतो, म्हणून त्या काळी एका टोकाचा अंक, मग दुसऱ्या टोकाचा, पुन्हा पहिल्या टोकाचा असं टिपून मधला आकडा काढत. शेजारच्या तापमापकाचा आकडाही लिहायचा, कारण चुंबक तापला की त्याचं बळ बदलतं आणि तापमान माहीत नसेल तर ती नोंद फुकट. झालं. काही मिनिटांचं काम. मग पुढच्या तासाला पुन्हा.

वर्षात ८,७६० तास असतात. सुट्या, आजारपणं, बिघाड सगळं वजा केलं तरी उरणारा आकडा अंगावर येतो. प्रकाशचित्रणाने आपोआप नोंद घेणारी उपकरणं कुलाब्यात आली ती १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला. तोपर्यंत सगळं डोळ्याने आणि हाताने, रात्री दिव्याच्या उजेडात आणि पावसाळ्यात चारी बाजूंनी समुद्र गर्जत असताना.

फळ नसलेलं काम

या कामाचा त्या दिवशी कोणालाच काही उपयोग नव्हता. सोमवारी पहाटे तीनचा आकडा मंगळवारी कोणी विचारणार नव्हतं. एखादी नोंद चुकली म्हणून जहाज बुडणार नव्हतं. वेळेची नोंद चुकली असती तर बंदरातून बोंब आली असती, पण चुंबकाची बोंब मारणारं कोणी नव्हतं. एकटा आकडा निरर्थक. अर्थ येतो तो हजारो आकडे एकाखाली एक आल्यावर, आणि तोपर्यंत ते लिहिणारा बहुधा निवृत्त झालेला.

आपल्या नोकरीतल्या कितीतरी चांगल्या सवयी याच जातीच्या असतात. ग्राहकाशी झालेलं बोलणं त्याच दिवशी लिहून ठेवणं, वर्गात कुठे अडलं ते तास संपल्यावर टिपणं, हिशोबाची पडताळणी महिन्याऐवजी आठवड्याला करणं. यातलं काहीही एक दिवस नाही केलं तर काही बिघडत नाही, आणि तिथेच सगळी गोची आहे. ज्याची शिक्षा लगेच होते ती गोष्ट माणूस न सांगता करतो. ज्याची शिक्षाही नाही आणि बक्षीसही नाही, तिला मनाचा निश्चय किती दिवस पुरणार?

कुलाब्याने निश्चयावर भिस्त ठेवलीच नव्हती. कोणत्याही निरीक्षकाला ‘आज वाचन करावं का’ हा प्रश्न पडण्याची सोयच नव्हती. घड्याळात तास झाला की वाचन. पाळी ठरलेली. पानावर त्या तासाची ओळ आधीपासून आखलेली. आपण नाही भरली तर तिथे भोक दिसणार आणि पुढच्या पाळीचा माणूस वही उघडताच पहिलं तेच बघणार. काम इतकं लहान की टाळायला कारण सापडू नये, आणि इतकं स्पष्ट की अर्धवट करता येऊ नये.

यावर एक रास्त आक्षेप आहे. ही तर पगारी पाळी झाली. याला स्वयंशिस्त कसं म्हणायचं? वर साहेब, खाली मदतनीस, आणि छापील खंडांवर नाव साहेबाचं. मान्य. तरी मला हे उदाहरण जास्त उपयोगी वाटतं, कारण आपल्यापैकी बहुतेकांची शिस्त अशीच कुठल्या तरी चौकटीत घडते. स्वयंशिस्त म्हणून जी मिरवली जाते तिच्यामागेही बघितलं तर कुठे तरी एक पाळी, एक आखलेली ओळ आणि वही उघडणारा दुसरा माणूस असतोच. फरक एवढाच की ती चौकट स्वतःच उभारलेली असते.

केरूनाना

या मदतनिसांपैकी एकाचं नाव आपल्याला चांगलं माहीत आहे. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, १८४० च्या सुमारास वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षी वेधशाळेत लागले. आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार तेव्हा तिथले प्रमुख. ते एल्फिन्स्टनमध्ये शिकवतही असत. काही काळ वेधशाळेचा कारभार बाळशास्त्री जांभेकरांकडेही होता. केरूनानांनी साधारण दहा वर्षं तिथे काढली, १८५१ मध्ये ते पुण्याला शिकवायला गेले, पुढे डेक्कन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले आणि टिळकांचे गुरू म्हणून आपल्याला ओळखीचे झाले. ग्रहगणिताची त्यांची मराठी कोष्टकं १८६० मध्ये छापली गेली.

कोष्टकं करणं म्हणजे काय ते ज्यांनी हाताने केलंय त्यांनाच ठाऊक. एकसारख्या आकडेमोडीच्या शेकडो ओळी, प्रत्येक ओळ मागच्या ओळीवर टेकलेली, आणि मध्येच कुठे घसरलं की पुढचं सगळं वाया. पंधराव्या वर्षापासून पंचविसाव्यापर्यंत तासाच्या ठोक्याला मोजपट्टी वाचलेल्या माणसाला हे काम कंटाळवाणं वाटलं नसावं, असं मला वाटतं. करिअरच्या सुरुवातीची दहा वर्षं माणूस कुठल्या तालमीत काढतो याला आपण फार कमी किंमत देतो. नव्या मुलांना आम्ही पहिल्या महिन्यातच ‘मोठं चित्र’ दाखवायला जातो. आधी वर्षभर वही भरू द्यावी.

वादळाचा नियम

आता मूळ दिवसाकडे. १ सप्टेंबरला लंडनजवळ रेडहिल इथे रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरचे डाग रेखाटत बसले असताना, तिथल्या घड्याळाने सकाळी अकरा वाजून अठरा मिनिटांनी, डागांच्या जागी पांढऱ्या प्रकाशाचा झोत उमटला आणि काही मिनिटांत विझला. हायगेटला रिचर्ड हॉजसन यांनीही तो पाहिला. त्यानंतर सतरा-अठरा तासांनी सूर्याकडून निघालेलं वादळ पृथ्वीवर थडकलं. तेव्हा इंग्लंडात रात्र होती, मुंबईत सकाळ. युरोप-अमेरिकेत तारयंत्रं वेडीवाकडी वागू लागली. बोस्टन आणि पोर्टलंडच्या तारमास्तरांनी बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि वादळाने तारेत उत्पन्न केलेल्या विजेवरच संदेश पाठवले. क्यूबासारख्या ठिकाणी लोकांनी ध्रुवीय प्रकाश पाहिला.

लंडनच्या ग्रिनिच आणि क्यू वेधशाळांत तोपर्यंत प्रकाशचित्रणाची यंत्रं आली होती. झोप नाही, पाळी नाही, कंटाळा नाही. पण वादळ इतकं मोठं होतं की चुंबकाबरोबर हलत कागदावर रेघ ओढणारा प्रकाशाचा ठिपका कागदाबाहेर गेला. शिखराच्या वेळची रेघच नाही. मुंबईत मात्र दुर्बिणीपाशी माणूस होता.

आणि त्या माणसाला एक नियम ठाऊक होता, जो या सगळ्या प्रकरणाचा माझ्या मते गाभा आहे. शांत दिवशी तासाला एक वाचन. आकड्यात ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फरक पडला की तासाची वाट बघायची नाही; दर पाच मिनिटांनी, काही वेळा पंधरा मिनिटांनी वाचायचं, सगळं निवळेपर्यंत.

म्हणजे गडबड झाली की नोंदी कमी करायच्या नाहीत, वाढवायच्या. आपण सगळे याच्या बरोबर उलट वागतो. मार्च महिना आला की रोजची पडताळणी बंद. ग्राहकाकडे बोंबाबोंब झाली की रोजची सकाळची दहा मिनिटांची बैठक रद्द. परीक्षा तोंडावर आली की मास्तरांची टिपणवही कपाटात. ‘सध्या जरा धावपळ आहे, हे निवळलं की सुरू करू.’ जी सवय फक्त शांत दिवशी चालते तिच्यातून आपल्याला शांत दिवसांचीच माहिती मिळते, आणि शांत दिवसांची माहिती कोणाला हवी असते? १८५९ च्या त्या सकाळी नुसतीच तासाची नोंद असती तरी काहीतरी हाती लागलं असतं. पण घसरण किती खोल गेली आणि किती वेगाने, ते मधल्या वाचनांमुळे कळलं.

शिवाय हा नियम वादळात कोणी बसून ठरवला नव्हता. तो आधी लिहिलेला होता. ऐन गोंधळात डोकं चालत नाही. तेव्हा आपण जे आधी ठरवलं असेल तेच करतो, आणि काहीच ठरवलं नसेल तर सोडून देतो. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९० च्या दशकात यावर बरंच काम केलं. ‘मी हे करीन’ असा मोघम संकल्प आणि ‘अमुक घडलं की मी तमुक करीन’ असं आधीच बांधून ठेवलेलं वाक्य यांत दुसरं कितीतरी जास्त वेळा अमलात येतं, असं त्यांना दिसलं. कुलाब्याच्या वहीत हे वाक्य त्याच्या दीडशे वर्षं आधीपासून होतं.

त्या आकड्यांवर आजही वाद आहे. २००३ च्या लेखात वादळाची जागतिक तीव्रता (नुसती कुलाब्याची घसरण नव्हे) उणे १,७६० नॅनोटेस्ला अशी काढली होती. नंतर इतरांनी तासाच्या सरासरीने हिशोब केला तेव्हा ती उणे ९०० च्या आसपास आली. १९८९ च्या मार्चमधलं वादळ, ज्याने कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात सुमारे नऊ तास वीज घालवली, ते उणे ५८९ चं होतं. विमा कंपन्यांपासून वीजमंडळांपर्यंत ज्यांना ‘पुन्हा तसं झालं तर?’ हा प्रश्न पडतो, ते सगळे फिरून त्या एका सकाळच्या ओळींकडे येतात. २०२२ मध्ये हायाकावा आणि सहकाऱ्यांनी कुलाब्याच्या जुन्या वार्षिक खंडांतून तिन्ही घटकांची (आडवं बळ, उभं बळ आणि दिक्पात) वाचनं पुन्हा तपासली. ज्यांचा त्या दिवशी उपयोग नव्हता ते आकडे अजून कामावर आहेत.

भरलेली वही आणि खरी वही

माझ्या धंद्यात रोज दिसणारी गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण सातत्याचा सर्वांत मोठा शत्रू आळस आहे असं मला वाटत नाही. तो आहे दिखाऊ सातत्य.

औषध कारखान्यात एका खोलीची हवा दुसरीत शिरू नये म्हणून खोल्यांत दाबाचा फरक ठेवतात, साधारण १० ते १५ पास्कलचा. भिंतीवर गोल काट्याचं मापक असतं आणि पाळीतल्या माणसाने ठरलेल्या वेळी आकडा लिहायचा असतो. अनेक ठिकाणी आता हे संगणकावर जातं, पण कागद अजून पुष्कळ आहे. तपासायला पान हातात घेतलं की अनुभवी माणसाला एका नजरेत कळतं. १५, १५, १५, १५. एकाच पेनाची शाई, अक्षरांचा एकच कल, सहीही जणू एका दमात मारलेली. आठ तासांत माणसाचा हात असा एकसारखा राहत नाही. दुपारी घामेजलेला असतो, पहाटे पेंगलेला. ते पान पाळी संपताना पाच मिनिटांत ‘पूर्ण’ झालेलं असतं. कागदावर शंभर टक्के सातत्य, प्रत्यक्षात शून्य.

कुलाब्याच्या व्यवस्थेत अशी चलाखी पचणं अवघड होतं, आणि ते निसर्गामुळेच. दिक्पात आणि आडवं बळ ही दोन वेगळी उपकरणं, पण गडबड झाली की दोन्ही एकाच वेळी थरथरतात. एकात मनाने आकडा भरला तर दुसरं चुगली करणार. ठरलेल्या जागतिक दिवशी तर हजारो मैलांवरच्या वेधशाळांची वाचनं शेजारी ठेवून बघता येत. म्हणून तिथे खोट्या आकड्यापेक्षा कोरी जागा केव्हाही परवडायची. कोरी जागा एका तासाचं नुकसान करते. खोटा आकडा सापडला की त्या माणसाच्या सगळ्या वह्या संशयाखाली येतात.

वैयक्तिक सवयींतही हेच होतं, फक्त तिथे तपासणारा नसतो. मोबाइलच्या ॲपवरची सलग दिवसांची साखळी तुटू नये म्हणून रात्री पावणेबाराला दोन मिनिटांचा ‘अभ्यास’ उरकणारे मी पाहिलेत. एकवीस दिवसांत सवय लागते हे तर घोकूनच बसलंय. फिलिपा लॅली आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या सहकाऱ्यांचा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास बघा: ९६ माणसं, रोजची एक छोटी कृती, आणि ती अंगवळणी पडायला मध्यकाने ६६ दिवस, कोणाला १८, तर कोणाच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला. त्यातली कामाची गोष्ट पुढेच आहे. एखादा दिवस हुकला म्हणून सवय लागण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मग रात्री पावणेबाराची ती दोन मिनिटं कोणासाठी?

ट्राम आली तेव्हा

मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ पासून होती. शतक संपता संपता ती विजेवर चालवायचं ठरू लागलं. विजेच्या ट्रामच्या तारा आणि रुळांतून वाहणारी वीज चुंबकाच्या नोंदी नासवणार हे उघड होतं. वेधशाळेच्या प्रमुखपदी तेव्हा नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस होते; १८९६ मध्ये त्या खुर्चीवर बसलेले पहिले भारतीय. योगायोग असा की त्यांचा जन्मही १८५९ चाच.

मूस यांना दोन सोपे रस्ते होते: ट्रामला विरोध करत बसणं, किंवा ‘साठ वर्षं झालं, आता पुरे’ म्हणणं. त्यांनी मुंबईपासून तीसेक किलोमीटरवर अलिबागला जागा घेतली. तिथली इमारत बांधताना लोखंड टाळलं. अचुंबकीय पोरबंदरी दगड निवडून घेतला, बिजागऱ्या-खिळ्यांना तांबं-पितळ. १९०४ मध्ये अलिबागला वाचन सुरू झालं, पण कुलाबा लगेच बंद झालं नाही. १९०६ पर्यंत दोन्ही जागी नोंदी चालल्या, म्हणजे नव्या जागेचा आकडा जुन्या जागेच्या आकड्याशी कसा जुळवायचा ते ठरवता आलं आणि १८४६ पासूनची सलग नोंदींची माळ तुटली नाही. विजेची ट्राम मुंबईत धावली ती १९०७ मध्ये. १९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातल्या नोंदी आणि त्यांवरचं विवेचन दोन भागांत प्रसिद्ध केलं.

नोकरी बदलली, गाव बदललं, मूल झालं, घरातलं कोणी आजारी पडलं की माणसाच्या लागलेल्या सवयी मोडतात आणि मग वर्षभर ‘पूर्वी मी करायचो’ असं ऐकू येतं. यात दुबळेपणा नसतो. ज्या खोलीत, ज्या वेळेला ती सवय टांगलेली असते ती खोलीच गेलेली असते. मूस यांना ट्राम येणार हे आधी कळलं होतं आणि त्यांनी तो अवधी वापरला. बदली होणार हे आपल्यालाही बहुधा आधी कळतं. तो मधला काळ आपण सामान बांधण्यात घालवतो.

आमच्या विभागात

कुलाब्यावरून आम्ही तीन-चार गोष्टी उचलल्या. नोंदीचं पान कार्यालयातून काढून मापकाशेजारी भिंतीवर लावलं. पानावर गेल्या काही वर्षांत साचलेले रकाने कमी केले; प्रत्येक तपासनीस एकेक रकाना वाढवून गेला होता आणि ते काढायला कोणी धजत नव्हतं. नोंद राहिली तर तिथे आडवी रेघ मारून सही करायची, त्यासाठी कोणालाही बोलणी बसणार नाहीत, असं लेखी दिलं. आणि वादळाचा नियम: आकडा मर्यादेबाहेर गेला की दर पंधरा मिनिटांनी वाचन, सलग चार वेळा ठीक येईपर्यंत.

पहिला परिणाम वाईट दिसला. पानांवर रेघाच रेघा. आजवर जी पानं स्वच्छ असायची ती आता भोकाभोकांची, आणि वरिष्ठांच्या बैठकीत मला विचारणा झाली की शिस्त सुधारायची होती की बिघडवायची. रेघा कुठे पडतात ते एकत्र मांडून दाखवलं तेव्हा चर्चा बदलली. सगळ्यांत जास्त रेघा सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री अकराच्या नोंदीला. हीच पाळी बदलण्याची वेळ. जाणाऱ्याला वाटतं येणारा लिहील, येणारा अजून कपडे बदलतोय. वर्षानुवर्षं त्या वेळेला कोणीच मापक बघत नव्हतं आणि १५ हा आकडा मात्र न चुकता लिहिला जात होता. नोंद अर्ध्या तासाने पुढे सरकवली. त्या रेघा जवळजवळ गेल्या. एकाही माणसाला शिस्तीवर भाषण द्यावं लागलं नाही.

वादळाचा नियम मात्र अजून पुरता रुजलेला नाही. दाब घसरला की पाळीतला माणूस आधी फोन करतो, मग देखभालवाल्यांच्या मागे धावतो आणि पंधरा मिनिटांची नोंद राहते. त्याचंही बरोबर आहे; खोलीत माल उघडा असतो आणि माणूस एकटा असतो. कुलाब्याच्या निरीक्षकाला वादळ थांबवायचं नव्हतं, फक्त लिहायचं होतं. आमच्या माणसाला दोन्ही करायचं असतं. म्हणून आता शेजारच्या खोलीतल्या माणसाने येऊन फक्त वही धरायची, दुरुस्तीत हात घालायचा नाही, असं करून बघतोय. दिवसा जमतंय. रात्रपाळीला शेजारच्या खोलीत माणूसच नसतो, आणि तिथे एक जास्तीचा माणूस द्यायचा की मापकाला स्वयंचलित नोंद जोडायची यावर आमचं आणि उत्पादन विभागाचं अजून एकमत झालेलं नाही.